खालची कोरी जागा

अक्काचं ते पत्र नानांना पाठ होतं, आणि तरीही त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेलं पत्र. आता कपाटातून स्वेटर बाहेर निघाले होते. मोठ्या शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते घडी घालून ठेवलेलं होतं, कारण त्या खंडावरून बायको कधी फडकंही मारत नसे.

पत्र लांबलचक नव्हतंच. ‘नाना, तुला जो रक्ताचा आजार आहे तोच मला निघाला. रक्त घट्ट होतं म्हणतात. मधून मधून पिशवीभर काढून टाकतील, त्याचं काही नाही. पण रोजची एक गोळीही सांगितली आहे. ती पुढे घात करते असं शेजारीण म्हणते. तू इतकी वर्षं घेतो आहेस. घेऊ का? – अक्का.’

दर रविवारी अक्काचा फोन यायचा. गुडघे, हवा, शिवणयंत्राचा तुटलेला पट्टा, शेजारणीचा कुत्रा, सगळं बोलणं व्हायचं. पत्राविषयी ती अवाक्षर काढत नसे आणि नानाही काढत नसत. बाहेरच्या माणसाला हे वेड्यांचं घर वाटलं असतं. पण या दोघांच्या घरची रीतच तशी होती. त्यांचे वडील बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट ठोकायचे. ठोकून ठोकून पस्तिशीतच दोन्ही कानांनी ठार बहिरे झाले. तेव्हापासून घरात दाराशेजारच्या खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची. काही महत्त्वाचं विचारायचं असेल तर ते पाटीच्या वरच्या अर्ध्या भागात लिहायचं आणि खालची जागा सोडायची. जेवण झालं की बाबा खाली उत्तर लिहून पाटी परत टांगायचे. तोंडी बोलणं होतं ते भांड्यांचं, मांजराचं, पावसापाण्याचं. जे लिहिलं तेच खरं, बोललेलं वाऱ्यावर.

म्हणून अक्कानं लिहिलं होतं. आणि म्हणूनच नाना अडकले होते.

कारण पत्र आलं त्याच आठवड्यात ते आपल्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले होते. बारा-तेरा वर्षं ते ती गोळी घेत होते. रक्त आटोक्यात, डोकं हलकं, सगळं सुरळीत. आणि आता डॉक्टरबाईंनी पोटाच्या डाव्या बाजूला हात दाबून म्हटलं होतं, “प्लीहा वाढलीय, नाना. हाडांतल्या मज्जेत जाळं धरायला लागलंय.” नानांनी विचारलं, गोळीमुळे का? बाई म्हणाल्या होत्या, “हा आजारच काही जणांत पुढे असं वळण घेतो. गोळीनं होतं असं दिसलेलं नाही. पण अमुक एका माणसाच्या बाबतीत कशामुळे काय, ते मला सांगता येणार नाही.”

मग अक्काला काय लिहायचं? ‘घे’ लिहावं, तर आपल्या पोटात काय चाललंय ते लपवल्यासारखं होतं. सगळं लिहावं, तर ती घाबरून गोळीला शिवणार नाही, आणि घट्ट रक्ताची गाठ मेंदूत जाऊन बसली तर? ‘घेऊ नको’ लिहायचा तर प्रश्नच नव्हता. नानांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. दुसऱ्याच्या वाक्यातलं कुसळ त्यांना दिसायचं. स्वतःचं वाक्य लिहायला बसले की प्रत्येक शब्दावर शंका. पाच-सहा मसुदे झाले, फाटले. आणि दिवस गेले.

आता अक्का स्वतःच दारात उभी होती.

“मामा, तुमच्या इमारतीची लिफ्ट कण्हतेय,” भाचा आत येता येता म्हणाला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. कुठल्याही घरात शिरताना आधी लिफ्टची नाडी बघायचा. “बेअरिंग गेलंय. सांगून ठेवा कुणाला तरी.”

त्याच्यामागून त्याची बायको अक्काचा हात धरून आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरला असायची. खांद्याच्या पिशवीत अक्काच्या सगळ्या रिपोर्टांची नीट लावलेली चळत होती.

“वन्सं, काय तेज आलंय हो चेहऱ्यावर,” नानांची बायको म्हणाली.

“तेज कसलं अगं, रक्त साकळतंय.” अक्का खुर्चीत बसली. गाल खरोखरच लालबुंद होते. “गल्लीतले सगळे म्हणतात, अक्का, तब्येत सुधारली. अजून थोडी बिघडली की माझा फोटो मागतील.”

नाना समोरच्या स्टुलावर टेकले. अक्काच्या डोळ्यांकडे बघायचं टाळून त्यांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सुईनं टोचून टोचून घट्टे पडलेलं बोट. फोनवर भाच्यानं सांगितलेलं सगळं त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं, “डोळ्याला काय झालं होतं?”

“काही नाही रे. सुईत दोरा ओवत होते. डाव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला. दुकानाचं शटर ओढतात ना, तसा. मला वाटलं वीज गेली. उजव्या डोळ्यानं बघितलं तर दिवा आपला चालू.”

“मग?”

“मग शटर परत वर गेलं. मी राहिलेली बाही शिवून टाकली.”

“आणि मला दोन दिवसांनी सांगितलं,” भाचा म्हणाला, “तेही कसं, तर भाजी निवडताना. आमच्याकडच्या डॉक्टरांनी आमच्यावर आवाज चढवला. म्हणे, ही धोक्याची घंटा आहे, पुढची गाठ मेंदूत अडकली तर अंग जाईल. रक्त नीट काढून घेत नाहीत, गोळी घेत नाहीत, मग मी काय करू?”

“काय चुकीचं बोलले?” सून म्हणाली.

“चूक म्हणालो का मी? पण ती गोळी म्हणजे काय आहे ते मी वाचलंय. कॅन्सरला देतात ती.”

“कॅन्सरलाही देतात. मी रोज विकते, आणि विकते ते वाचूनही बघते.”

“विकतेस म्हणूनच तुला ती बरी वाटते.”

“आणि तू लिफ्ट दुरुस्त करतोस म्हणून जिन्यानं चढणाऱ्यांचा तुला राग येतो,” नानांची बायको मध्येच म्हणाली. “ती बरोबर बोलतेय. हे बघ, तुझे मामा इतकी वर्षं घेताहेत. काय झालंय त्यांना? जरा पोट फुगतं, तेवढंच. मी गरम पाणी पाजते.”

नानांचा हात नकळत डाव्या बरगडीखाली गेला. बायकोला त्यांनी ‘प्लीहा थोडी वाढलीय’ एवढंच सांगितलं होतं, आणि तिनं त्याचा अर्थ गॅस असा लावला होता. तो अर्थ इतका सोयीचा होता की त्यांनी तो दुरुस्त केला नव्हता.

“मामा, तुम्हीच सांगा,” भाचा म्हणाला.

“त्याचं असं आहे,” नाना म्हणाले, “म्हणजे, एका बाजूनं बघितलं तर…”

सगळे थांबले. नाना चष्मा पुसू लागले.

“चहा गार होतोय,” अक्का म्हणाली. तिनं भावाकडे पाहिलंही नाही.

चहानंतर सगळे अक्काला नानांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांच्या खोलीत खुर्च्या तीनच होत्या. अक्का, सून आणि नानांची बायको बसल्या. भाचा दाराला टेकून राहिला आणि नाना वजनाच्या काट्याशेजारी उभे राहिले, उगीचच, जणू त्यांचाच नंबर आहे.

बाई चांगल्या साठीच्या होत्या, बोलताना घाई करत नसत. त्यांनी रिपोर्ट वाचले, अक्काच्या डोळ्यांत विजेरी मारून पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. अक्काचं वय सत्तरीच्या पुढचं. डोळ्यावर पडदा येऊन गेलेला, म्हणजे गुठळी होऊन विरघळलेली. आज रक्त काढायचं, रक्त पातळ ठेवायची छोटी गोळी लगेच सुरू करायची. आणि दुसरी, मज्जेला लगाम घालणारी गोळी, तीही सुरू करायची.

“नाही घेतली तर?” भाच्यानं विचारलं.

“तर गुठळीचा धोका मोठा आहे आणि जवळचा आहे. उद्या-परवाचा म्हणा.”

“आणि घेतली तर?”

“घेतली तर तो खूप कमी होतो. पण औषध आहे, फुकट काही मिळत नाही. रक्तातल्या पेशी फार उतरू शकतात, म्हणून सारख्या तपासण्या. तोंड येतं, पायाला जखमा होतात काही जणांना. उन्हात कातडीला जपायचं. आणि लांबचं म्हणाल तर या आजारात शंभरातल्या दहा-पंधरा जणांची मज्जा बऱ्याच वर्षांनी, दहा-पंधरा वर्षांनी म्हणा, सुकत जाते, जाळं धरते. त्याहून थोड्यांना रक्ताचा कॅन्सर होतो. गोळी न घेणाऱ्यांनाही हे होतं. गोळीनं ते वाढतं असं ठामपणे दिसलेलं नाही. अजिबात वाढत नाही अशी शपथ मात्र मी घेणार नाही.”

 प्रत्येक जण आपापली बेरीज करत होता, ते नानांना चेहऱ्यांवरून स्पष्ट दिसत होतं. आपली मात्र त्यांना जुळेना. जवळचा मोठा धोका, लांबचा लहान. पण लांबचा म्हणजे कुणापासून लांब? त्यांच्यापासून तर तो वीतभरही लांब नव्हता.

“ही गोळी तर तुम्हाला उन्हाळ्यातच लिहून दिली होती, आजी,” बाई कागद उलटत म्हणाल्या. “का नाही घेतली?”

“भावानं नको म्हणून सांगितलं,” अक्का म्हणाली.

नानांना वाटलं, खोलीत आणखी कुणी भाऊ आहे.

“मी?” ते म्हणाले. “मी कधी सांगितलं?”

“पत्र पाठवलं होतं तुला. उत्तर नाही आलं.”

“नाही आलं, म्हणजे… मी लिहिलंच नव्हतं.”

“तेच म्हणतेय मी.” अक्का बाईंकडे वळून समजावून सांगू लागली, जणू एखाद्या परदेशी माणसाला वाट सांगतेय. “आमच्या घरी पाटीवर विचारायचं. वडलांनी खाली लिहिलं तर हो. जागा कोरी ठेवली तर नाही. नकार ते लिहायचेच नाहीत. मी महिनाभर वाट बघितली. मग म्हटलं, इतकी वर्षं स्वतः घेतोय आणि मला कोरी पाटी धाडतोय, म्हणजे काहीतरी असेल. गोळ्या डब्यात ठेवून दिल्या.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मामा,” भाचा दारापासून सुटून पुढे आला. “दोन ओळी. सबंध उन्हाळा, सबंध पावसाळा, आणि दोन ओळी नाही झाल्या तुमच्याच्यानं? आईचा डोळा गेला असता.”

“त्यांना दोन ओळी लिहायला दोन महिने लागतात, माहीत नाही का तुला?” नानांची बायको म्हणाली. “आमच्या लग्नाआधी होकार कळवायलाही त्यांना असाच वेळ लागला होता. माझ्या आईनं दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं.”

“मामी, ही थट्टा नाही.”

“मी कुठे हसतेय?”

 कोरी पाटी म्हणजे नाही? नानांना तर असं कधीच वाटलं नव्हतं. कोरी पाटी म्हणजे थांब. कोरी पाटी म्हणजे बाबा अजून विचार करताहेत, उद्या परत लिही. ते धाकटे होते. तोच प्रश्न ते दुसऱ्या दिवशी परत लिहायचे, तिसऱ्या दिवशी परत, आणि कधी ना कधी खाली उत्तर यायचंच. एकाच पाटीवर शिकलेली दोन भावंडं, आणि सत्तरी गाठेपर्यंत कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

“अक्का, मी नको म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले. “मला ठरवता येत नव्हतं.”

“का? तुझं बरं चाललंय ना?” आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, “याचं बरं चाललंय ना?”

“ते त्यांनी सांगायचं,” बाई म्हणाल्या.

सगळे वजनाच्या काट्याकडे बघू लागले.  “माझ्या मज्जेत जाळं धरायला लागलंय,” नाना म्हणाले. “आता बाईंनी सांगितलं ना, शंभरातले दहा-पंधरा? त्यांतला मी.”

पुढचं बोलणं बाहेर बाकावर झालं. त्याआधी बाईंनी दोन-तीन प्रश्नांना उत्तरं दिली, अक्काला म्हणाल्या, “आज रक्त काढून घेतो, छोटी गोळी इथेच घ्या. मोठीचं याच आठवड्यात ठरवा, त्यापुढे ढकलू नका.” मग नर्स अक्काला आतल्या खोलीत घेऊन गेली.

“बघ,” भाचा बायकोला म्हणाला. त्याचा मघाचा राग आता मामांवरून उठून गोळीवर जाऊन बसला होता. “मी म्हणत होतो तेच. मामांनी घेतली आणि झालं. शंभरातल्या पंधरा जणांना ती गोळी बाधते, बाईंनीच सांगितलं.”

“गोळी नाही, आजार. न घेणाऱ्यांनाही होतं म्हणाल्या.”

“मामांना कशामुळे झालं, तुला माहितीये?”

“तुला माहितीये?”

“लिफ्टचा दोर बदलताना निदान जुना दोर हातात तरी घेता येतो. इथे काय धरायचं?”

“दोर झिजलेला दिसतोय आणि तू म्हणतोस, नवाही कधीतरी तुटेल, म्हणून राहू दे.”

 भाचा मामीकडे वळला. पण मामी आता कुणाच्याच बाजूला नव्हती. ती बाकाच्या टोकाला सरकली होती.

“मी आपली गरम पाणी पाजतेय,” ती म्हणाली, समोरच्या भिंतीशी बोलावं तशी. “वेड्यासारखी. सकाळ संध्याकाळ.”

“बरं वाटायचं मला पाण्यानं,” नाना म्हणाले.

“बोलू नका तुम्ही.” मग तिनं आवाज उतरवला. “दहा-पंधरा वर्षं म्हणाली ना ती? मग काय एवढं. तुम्ही पंच्याऐंशीचे व्हाल. पुरे की.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. ती दहा-पंधरा वर्षं पुढची नव्हती, मागची होती. ती भरलेली होती. मुद्रितात अशी चूक सापडली असती तर समासात लगेच खूण केली असती. त्यांनी बायकोच्या पिशवीची लोंबणारी नाडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

“मामा,” सून त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आईंना माझं पटणार नाही, ह्यांचंही नाही. तुमचंच ऐकतील. तुम्ही तुमची गोळी बंद करणार आहात का?”

असं सरळ त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनीही फक्त “चालू ठेवू, लक्ष ठेवू, गरज पडली तर बदलू” म्हटलं होतं. आज सकाळी आपण ती घेतली का? घेतली होती. न विचार करता, दात घासल्यावर.

“नाही,” ते म्हणाले. आणि लगेच पुढे, “म्हणजे, आत्ता तरी नाही.”

आतल्या खोलीत अक्का लांब खुर्चीत रेलली होती. दंडातून नळी निघून खालच्या पिशवीत गेली होती. पिशवी पाळण्यासारखी हळूहळू डुलत होती. अक्काच्या मुठीत एक रबरी चेंडू दिला होता.

“ये,” ती म्हणाली. “बघ, किती काळं आहे. असल्या रंगाचं कापड मी घेतलं नसतं.”

नाना जवळ बसले. “दुखतंय?”

“चेंडू दाबायचा कंटाळा आला. तिकडे भांडण संपलं का?”

“नाही. माणसं बदलली.”

अक्का हसली. मग चेंडू दाबत म्हणाली, “तुला ते आठवतं? मी पाटीवर एका मुलाचं नाव लिहिलं होतं.”

नानांना आठवत नव्हतं.

“तू लहान होतास. शिवणवर्गाच्या शेजारी सायकलचं दुकान होतं, तिथला. नुसतं नाव लिहिलं, प्रश्नचिन्ह दिलं. सकाळी पाटी कोरी. वर नाव तसंच, खाली काही नाही. मी पुसून टाकलं आणि कामाला लागले.”

“परत नाही लिहिलंस?”

“परत?” तिनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. “परत कसं लिहायचं?”

“मी लिहायचो. शाळा सोडून छापखान्यात जाऊ का, हे मी आठवडाभर लिहीत होतो. शेवटी ‘आधी शाळा पुरी कर’ असं आलं. बाबांना सुचायला वेळ लागायचा, अक्का.”

 पिशवी डुलत राहिली. चेंडू अक्काच्या मुठीत दाबलेलाच राहिला, तसा नर्सनं दारातून आवाज दिला, “आजी, दाबा, सोडा.”

“असेल,” अक्का अखेर म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही. ते सायकलवालं गेलं ते गेलं, तुझ्या भाऊजींनी काही कमी केलं नाही मला. पण तुझं कोरं मी बाबांचं समजले.”

“अक्का, मी आत्ता सांगतो ना. तू…”

“नको.” तिनं मोकळा हात वर केला. “तोंडी नको. तोंडानं तू ‘एका बाजूनं बघितलं तर’ म्हणतोस, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून भलताच अर्थ काढीन. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं निघतोय, याला उद्या कामावर जायचंय. तू लिहून पाठव. जे येईल ते मी करीन.”

“आणि मी चुकीचं लिहिलं तर?”

“तर तुझ्या अक्षरात चुकलेलं असेल. माझ्या मनानं वाचलेलं तर नसेल.”

नानांच्या घरून ती निघाली तेव्हा गालांची लाली उतरली होती आणि चेहरा ओळखीचा दिसत होता, दमलेला. लिफ्टमध्ये भाच्यानं कान देऊन मोटारीचा आवाज ऐकला आणि काही न बोलता मामांचा खांदा दाबला. रागानं की मायेनं, ते नानांना कळलं नाही. बहुधा त्यालाही नसावं.

ती मंडळी गेल्यावर नाना टेबलाशी बसले. शब्दकोशाच्या खंडातून त्यांनी पत्र काढलं. कोरा कागद घेतला. ‘प्रिय अक्का’ लिहिलं. प्रिय कशाला, असं वाटून खोडलं. मग डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं क्रमानं लिहायला घेतलं: जवळचा धोका, लांबचा धोका, शंभरातले किती. वाचून पाहिलं. त्यातून ‘घे’ असाही अर्थ निघत होता, ‘घेऊ नको’ असाही. लिहिणारा माणूस कुठेच सापडत नव्हता. कागद चुरगळला.

बायको दारात येऊन उभी राहिली. दुपारपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. हातात गरम पाण्याचा पेला होता.

“सवय झालीय हाताला,” ती म्हणाली आणि पेला टेबलावर ठेवला. “ते वर्षांचं मी चुकीचं ऐकलं ना?”

“हो.”

“मग खरं किती?”

“ते बाईंनाही माहीत नाही. औषधं आहेत पुढची. बघू म्हणाल्या.”

 “पुढच्या वेळी मी येते आत,” ती म्हणाली. “तुम्ही काट्याजवळ उभे राहता, तुम्हाला नीट ऐकू येत नाही.” मग तिची नजर अक्काच्या पत्रावर गेली. “एवढासा मजकूर, आणि अख्खं पान वाया घालवलंय वन्संनी. एरवी चिंधीसुद्धा टाकत नाहीत त्या.”

नानांनी पत्राकडे पाहिलं. इतके महिने त्यांनी ते वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. मजकूर वरच्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवलेला, सहीसुद्धा कडेला दाबून. खाली अर्धं पान कोरं. पाटीवर सोडायची तशी जागा.

त्यांनी वेगळा कागद बाजूला सारला आणि तिच्याच सहीखाली लिहायला सुरुवात केली.

‘घे. माझी मज्जा बिघडते आहे, ती गोळीनं की आजारानं, हे मला माहीत नाही आणि कुणालाच सांगता येत नाही. पण ती नसती तर ही बारा-तेरा वर्षं मला मिळाली असती असं वाटत नाही. मी आज सकाळी घेतली, उद्याही घेणार आहे. तू घे, आणि दर वेळी रक्त तपासून घे. मला भीती वाटते आहे. तुलाही वाटत असेल तर परत लिही. कितीही वेळा लिही. – नाना.’

‘वाटत नाही’ वर त्यांचं पेन रेंगाळलं. ‘नसती’ बरोबर होतं का? ‘वाटत नाही’ ऐवजी काही ठाम हवं होतं का? पण ठाम काही त्यांच्यापाशी नव्हतंच. त्यांनी पानाची घडी केली, पाकिटात घातली, जीभ फिरवून पाकीट चिकटवलं. म्हणजे आता उघडून बघता येणार नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला ते खाली उतरले, लिफ्टनं नव्हे, जिन्यानं. कोपऱ्यावरच्या लाल पेटीतलं टपाल काढायचा माणूस अजून यायचा होता. नानांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. सुरुवातीचं ‘घे’ नीट उमटलं होतं ना? शाई पुसट तर नव्हती? मागून एक बाई आपलं पाकीट घेऊन आली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “काका, अडकलंय का?”

“नाही नाही,” नाना म्हणाले, आणि बोटं सोडली.

आत कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला.